न आलेल्या रुग्णाची नोंद



खांदा आखडलेला माणूस फिजिओथेरपिस्टकडे गेला की बहुधा पहिल्याच दिवशी त्याला एक व्यायाम शिकवला जातो. टेबलाला एका हाताने धरून कमरेत वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा, आणि तो हलकेच पुढे-मागे, मग गोल फिरू द्यायचा. या सभागृहातल्या कितीतरी जणांनी तो केला असेल. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचा त्रास अधिक आढळतो, आणि मधुमेह आपल्याकडे किती घरांत आहे हे मी वेगळं सांगायला नको. आम्ही फिजिओथेरपिस्ट त्या व्यायामाला नुसतं ‘कॉडमन’ म्हणतो. विद्यार्थ्यांना तो परीक्षेत करून दाखवावा लागतो. पण हे कॉडमन कोण होते, असं विचारलं तर वर्गात शांतता पसरते. मला आज त्यांच्यापासूनच सुरुवात करायची आहे. खांद्यावर त्यांनी १९३४ साली मोठा ग्रंथ लिहिला, तो आमच्यापर्यंत पोचला. त्याच्या वीसेक वर्षं आधी त्यांनी जे मांडलं, ते मात्र आमच्या व्यवसायात अजून पुरतं उतरलेलं नाही.

अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन हे बॉस्टनचे शल्यचिकित्सक. जन्म १८६९, मृत्यू १९४०. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ते काम करत होते. त्यांचं म्हणणं ऐकायला साधं होतं. रुग्णालयानं उपचार केलेल्या प्रत्येक रुग्णाचा पुरेसा काळ माग ठेवावा, तो खरोखर बरा झाला का हे पाहावं, आणि झाला नसेल तर का झाला नाही हे लिहून काढावं. त्यासाठी त्यांनी प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवलं. त्या काळात ही मागणी उद्धट वाटली. रुग्णालयात बढती सेवाज्येष्ठतेनं मिळत असे. कोणाच्या हातचे रुग्ण किती बरे होतात हा प्रश्नच कोणी विचारत नसे. कॉडमननी १९१४ मध्ये निषेध म्हणून राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी जानेवारीत डॉक्टरांच्या एका सभेत त्यांनी मोठं व्यंगचित्र सर्वांसमोर उघडलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग, म्हणजे शहरातली श्रीमंत वस्ती, डॉक्टरांकडे सोन्याची अंडी ढकलतो आहे, आणि खरं काय ते कळलं तर ही अंडी मिळत राहतील का, या विवंचनेत डॉक्टर आणि विश्वस्त उभे आहेत. या चित्राची किंमत त्यांना मोजावी लागली. हार्वर्डमधली अध्यापकाची जागा गेली.

त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय चालवलं आणि तिथले निकाल छापून प्रसिद्ध केले. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या बाबतीत त्यांनी १२३ चुका नोंदवल्या, आणि प्रत्येकीचं कारण लावलं: ज्ञान कमी पडलं, हात कमी पडला, निर्णय चुकला, निदान चुकलं, की साधनं आणि काळजी अपुरी ठरली. आपल्याच दवाखान्याविषयी असा कागद छापण्याचं धैर्य आज, शंभरहून अधिक वर्षांनी, किती जणांत सापडेल? मला कॉडमनविषयी जो आदर वाटतो तो या कागदामुळे.

आता आपल्या शहराकडे येऊ. मिरा-भाईंदर १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. हे चालणाऱ्या, चढणाऱ्या, उभं राहणाऱ्या माणसांचं शहर आहे. विरार लोकलमध्ये तासभर उभं राहून चर्चगेटला जाणारे, पुलाच्या पायऱ्या दिवसातून दोनदा चढ-उतार करणारे. ऐंशीच्या दशकातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर पाणी आणि बाजाराच्या पिशव्या नेणाऱ्या बायका. उत्तनच्या, मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या कोळणी. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत दिवसभर वाकून काम करणारे कामगार. मिठागरांत अनवाणी राबलेले म्हातारे. या सगळ्यांचे गुडघे, कंबर आणि खांदे शेवटी आमच्याकडे येतात.

आमच्याकडे म्हणजे कुठे? बहुतेक वेळा इमारतीच्या तळमजल्यावरच्या एका गाळ्यात. पडद्यांनी वेगळ्या केलेल्या दोन-तीन खाटा, एक आयएफटीचं, म्हणजे इंटरफेरेन्शियल विद्युत प्रवाहाचं मशीन, एक अल्ट्रासाउंडचं, मेणाचं भांडं, जमलं तर ट्रॅक्शनचं टेबल. बाहेर बाकावर चपला काढून बसलेली माणसं. दहा सिटिंगचं पॅकेज ठरतं. बाई चार वेळा येते, पाचव्या दिवशी येत नाही, सहाव्या दिवशी येत नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे रकाने कोरे राहतात. तिच्या जागेवर दुसरी बाई येते.

ती का आली नाही? आम्ही मनाशी म्हणतो, बरं वाटलं असेल. तिच्या शेजारणीला ती म्हणत असते, शेक घेऊन काही होत नाही. किंवा सासूला रुग्णालयात दाखल केलं असेल, किंवा पैसे संपले असतील, किंवा उत्तनहून भाईंदर स्टेशनला येण्या-जाण्यात मासळीच्या धंद्याची वेळ मोडत असेल. यातलं खरं काय, हे कोणी विचारलेलं नसतं. मग आमच्या डोक्यात आमच्या उपचारांचं जे चित्र तयार होतं, ते फक्त येत राहिलेल्या माणसांचं असतं. जी माणसं पेढे घेऊन येतात त्यांच्यावरून आम्ही आमचा हात किती चांगला ते ठरवतो. मला हे फार घातक वाटतं. चांगल्या मनाच्या, कष्टाळू फिजिओथेरपिस्टच्या बाबतीत ते जास्तच घातक, कारण त्याला स्वतःविषयी शंका यायला काही कारणच उरत नाही.

क्लिनिकल ऑडिट म्हणतात ते इथे उपयोगी पडतं. या शहराला ऑडिट नवं नाही. तीस वर्षं झालेल्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानं करावं लागतं, आणि सोसायटीच्या सभेत त्यावरून किती वाद होतात ते तुम्हाला माहीत आहे. पण ज्यांनी ते नीट करून घेतलं त्यांना ठाऊक आहे, की अभियंता कॉलम ठोकून पाहतो तो बिल्डरला शिक्षा व्हावी म्हणून नसतो. कुठला कॉलम आधी दुरुस्त करायचा हे त्यातून कळतं. दवाखान्याचं ऑडिट याच वृत्तीनं करायचं असतं. आधी मानक ठरवायचं: या आजारात आपण काय करायला हवं, याविषयी उपलब्ध ज्ञान काय सांगतं. मग केसपेपर काढून पाहायचं की प्रत्यक्षात काय केलं. फरक दिसेल तिथे कारण शोधायचं, पद्धत बदलायची, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच मोजायचं. ही शेवटची पायरी गळाली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते, आणि बहुतेक ऑडिट नेमकी तिथेच थांबतात. पहिल्या मोजणीचा तक्ता होतो, परिषदेत पोस्टर लागतं, प्रमाणपत्र मिळतं, विषय संपतो.

संशोधनाशी याची गल्लत करू नये. कोणता उपचार योग्य, हे संशोधन शोधतं. जो योग्य ठरला आहे तो आपण देतो आहोत का, एवढंच ऑडिट विचारतं. एका गाळ्यातले तीस रुग्ण पाहून एखादा व्यायाम गुणकारी आहे असं कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गुडघेदुखी कमी-जास्त होत असते, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केलं तरी थोडा उतार पडतोच. म्हणून सुरुवात करणाऱ्यानं आधी आपण काय केलं ते मोजावं, आणि रुग्णाला काय मिळालं याचे निष्कर्ष जपून काढावेत.

गुडघ्याचंच उदाहरण घेऊन चालते. सांध्याची झीज होऊन गुडघा दुखतो, त्यावर काय करावं याविषयी जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत आता बरंच एकमत आहे: व्यायाम, आजाराची नीट समजूत आणि गरज असेल तिथे वजन कमी करणं. इंग्लंडमधल्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२२ च्या सूचनांत तर स्पष्ट म्हटलं की या आजारात टेन्स, अल्ट्रासाउंड, इंटरफेरेन्शियल, लेझर असे विद्युत उपचार देऊ नयेत, कारण त्यांच्या उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही. कंबरदुखीविषयी २०१६ मध्ये त्याच संस्थेनं असंच सांगितलं, आणि ट्रॅक्शनही त्यात आलं.

हे ऐकून माझ्या समव्यवसायी मित्रांच्या मनात काय येतं ते मला कळतं. मशीन लावलं की पंधरा मिनिटं रुग्ण पडून राहतो आणि तेवढ्यात बाजूच्या खाटेवर दुसरा पाहता येतो. व्यायाम शिकवायचा तर तिथे उभं राहावं लागतं, चुकला तर पुन्हा दाखवावा लागतो. गाळ्याचं भाडं, मशीनचा हप्ता, मदतनीस मुलीचा पगार, सगळं या पंधरा मिनिटांच्या हिशोबावर उभं आहे. आणि रुग्णही मशीनच मागतो. नुसता व्यायाम सांगितला तर ‘हे तर घरीही झालं असतं’ म्हणतो. ही अडचण खरी आहे, तिला लाजायचं कारण नाही. पण ती उघड मांडल्याशिवाय सुटणार नाही, आणि उघड मांडायची तर आधी आकडा हवा: आपल्या दवाखान्यात गुडघ्याच्या रुग्णाचा किती वेळ मशीनखाली जातो आणि किती वेळ पायावर उभं राहून?

तर कामाची रीत अशी. गेल्या काही महिन्यांतले गुडघ्याच्या झिजेचे लागोपाठचे तीस केसपेपर काढायचे. निवडून नाही, लागोपाठचे. आठवणीत राहिलेले रुग्ण नेहमी चांगलेच असतात. प्रत्येक कागदाला तेच मोजके प्रश्न विचारायचे. पहिल्या दिवशी वेदना शून्य ते दहामध्ये किती, हे लिहिलं आहे का? हालचालीची एखादी चाचणी केली आहे का? व्यायाम लिहून दिला, आणि रुग्णाकडून एकदा करवून घेतला, याची नोंद आहे का? सहाव्या सिटिंगला किंवा सहा आठवड्यांनी हेच पुन्हा मोजलं का? शंभरात नव्वद कागदांवर होकार यावा असं मानक धरू.

समजा, तीसपैकी अकरांवरच दुसरं मोजमाप सापडलं. आता चिडायचं नाही, की मदतनिसावर ओरडायचं नाही. केसपेपरवर त्यासाठी चौकटच छापलेली नाही, हे कारण असू शकतं. सहाव्या दिवशी गर्दी असते, हे असू शकतं. किंवा सहाव्या दिवसापर्यंत निम्मे रुग्ण उरलेलेच नसतात, हे असू शकतं, आणि मग आपल्याला आपला खरा प्रश्न सापडला. चौकट छापायची, सहाव्या सिटिंगच्या पावतीसोबतच चाचणी घ्यायची असं ठरवायचं, आणि तीन महिन्यांनी पुढचे तीस कागद काढायचे.

चाचणीला महागडं यंत्र लागत नाही. न हलणारी खुर्ची आणि घड्याळ पुरतं: हात छातीशी बांधून तीस सेकंदांत माणूस किती वेळा उठतो-बसतो. पण इथे मला एक आग्रह धरायचा आहे. आपण वापरतो त्या बहुतेक प्रश्नावल्या परदेशी घरांत राहणाऱ्यांसाठी बनल्या. मोटारीत चढता-उतरता येतं का, बाथटबमध्ये शिरता येतं का, असं त्या विचारतात. आपल्या बाईला मांडी घालून जेवायला बसता येतं का, देशी संडासात उकिडवं बसता येतं का, देवासमोर खाली बसून कोणाचा हात न धरता उठता येतं का, चौथा मजला न थांबता चढता येतो का, हे तिच्या दृष्टीनं बरं होणं आहे. प्रमाणित चाचणी वापरावीच, तिच्याशिवाय तुलना होत नाही. पण तिच्याखाली रुग्णाच्या तोंडून आलेली एक इच्छा लिहावी आणि शेवटी ती पुरी झाली का तेही लिहावं.

मोजणं आमच्या व्यवसायाला परकं आहे असं मात्र कोणी समजू नये. तो मोजण्यातूनच जन्मला. कॉडमन कार्डं लिहीत होते त्याच वर्षांत, त्याच बॉस्टनमध्ये, रॉबर्ट लव्हेट या अस्थिशल्यचिकित्सकाच्या सहायक विल्हेल्माइन राइट पोलिओ झालेल्या मुलांच्या एकेका स्नायूची ताकद गुरुत्वाकर्षणाच्या आधारे जोखायची पद्धत बसवत होत्या. १९१२ मध्ये ती छापली गेली. आज आम्ही शून्य ते पाच अशी श्रेणी देतो तिचं मूळ तिथे आहे. भारतातही आमचा व्यवसाय रुजला तो पोलिओमुळे आणि मुंबईत. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातमा इस्माइल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी केंद्र सुरू केलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली, ती देशातली पहिली. १९५५ मध्ये हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. पोलिओच्या मुलाचा स्नायूंचा तक्ता ठरावीक काळानं पुन्हा भरावा लागे. आधीच्या रकान्यात दोन होता, आता तीन झाला का, हे आईसमोर दिसे. पोलिओ गेला, हे देशाचं मोठं भाग्य; २०११ च्या जानेवारीनंतर भारतात त्या विषाणूचा नैसर्गिक संसर्ग झालेला रुग्ण सापडला नाही. पण गुडघे आणि कंबर यांच्या दुखण्यांत तो तक्ता भरायची सवय आम्ही सैल होऊ दिली, असं माझं मत आहे.

मोजून खरोखर काही बदलतं का? इंग्लंडमध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. प्रत्येक रुग्णालयाचे आकडे इतरांना दिसू लागले. लवकर शस्त्रक्रिया होणाऱ्यांचं प्रमाण २०११ पर्यंत सुमारे ५४ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलं आणि तीस दिवसांतले मृत्यू १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. सगळं श्रेय नोंदवहीला देता येणार नाही, कारण पुढे पैशांचं प्रोत्साहनही जोडलं गेलं. पण नोंद नसती तर प्रोत्साहन कशाला द्यायचं हेही कळलं नसतं.

सर्वसाधारण अनुभव याहून नेमस्त आहे, आणि तोही सांगायला हवा. ऑडिट करून त्याचे आकडे काम करणाऱ्यांना दाखवण्याविषयीचे १४० अभ्यास कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात एकत्र पाहिले गेले. योग्य काम होण्याचं प्रमाण मध्यकानं साधारण चार टक्के बिंदूंनीच वाढलं होतं. काही ठिकाणी जवळजवळ काही नाही, काही ठिकाणी पंधरा-सोळा. जिथे सुरुवातीची स्थिती कमजोर होती, आकडे वरिष्ठानं किंवा सहकाऱ्यानं सांगितले, एकदा नव्हे तर वारंवार, तोंडी आणि लेखी दोन्ही, आणि त्यांच्यासोबत नेमकं लक्ष्य व कृतीचा आराखडा होता, तिथे फरक मोठा. म्हणजे नुसता तक्ता भिंतीवर लावून भागत नाही. त्यावर बसून बोलावं लागतं.

आणि यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. अर्भकं का मरतात ते पाहिलं, गावातल्याच कमी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, आणि पुन्हा मोजलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. ते संशोधन होतं, ऑडिट नव्हे. पण त्याचा पाया प्रत्येकाची नोंद हाच होता. नोंदीतून एकही बाळ गळता कामा नये, अशी ती शिस्त. गडचिरोलीच्या पाड्यावर जे जमलं ते मिरा रोडच्या गाळ्यात, जिथे प्रत्येकाचा मोबाइल नंबर आपल्या रजिस्टरात आहे, का जमू नये?

म्हणून माझी या शहरातल्या फिजिओथेरपिस्टांना एक विनंती आहे. आपल्यापैकी पाच-सहा दवाखान्यांनी एकत्र यावं आणि पुढच्या तीन महिन्यांत एकच प्रश्न घ्यावा: पॅकेज अर्धवट सोडून गेलेले गुडघ्याचे रुग्ण. पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं की पुढे आम्ही चौकशीचा फोन करू, चालेल ना? सलग दहा दिवस न आलेल्या प्रत्येकाला फोन जावा. तो उपचार करणाऱ्यानं स्वतः करू नये. आपली माणसं भिडस्त असतात, ‘बरं आहे हो आता’ म्हणून फोन ठेवतात. एका दवाखान्याच्या रुग्णांना दुसऱ्यानं फोन केला तर तुमचे रुग्ण पळवले जातील ही भीती मध्ये येणार, म्हणून ते काम दवाखान्यातल्याच मदतनीस मुलीला शिकवावं. विचारायचं ते इतकंच: आता पाय कसा आहे? कशामुळे थांबलात? दिलेला व्यायाम चालू आहे का? दुसरीकडे कुठे दाखवलंत का? उत्तर जसं आलं तसं लिहायचं, सुधारून नाही.

नावं काढून ते कागद महिन्यातून एका रविवारी एकत्र मांडावेत. स्त्रिया जास्त थांबतात की पुरुष? उत्तन-पाली-चौकचे थांबतात की स्टेशनजवळचे? सकाळी अकराला येणारे की संध्याकाळी सातला? उत्तनच्या कोळणींची नावं त्या यादीत दाट दिसली, तर मासळी बाजाराच्या वेळा पाहून आठवड्यातून दोनदा तिथेच, गावात, व्यायामाचा वर्ग घेता येईल. त्यासाठी मशीन न्यावं लागत नाही. नोकरदार जास्त दिसले तर रात्री साडेआठची वेळ उघडावी लागेल. पैशांमुळे थांबणारे जास्त निघाले, तर दहाच्या पॅकेजऐवजी चार भेटी आणि घरचा व्यायाम असा स्वस्त पर्याय ठेवावा, आणि त्याचेही निकाल मोजावेत. कोणत्या दवाखान्याचे किती, हे त्या बैठकीत उघड करण्याची पहिल्या फेरीत गरज नाही. प्रत्येकाला आपला आकडा आणि सर्वांची सरासरी कळली तरी पुरे.

फॉर्मचा मसुदा एका पानाचा आहे, मराठी आणि हिंदी दोन्हींत. व्याख्यानानंतर तो बाहेरच्या टेबलावर मिळेल. त्यात काय राहिलं, काय जास्त झालं, ते त्यावरच लिहून द्या. पहिली बैठक सगळ्यांना सोयीच्या रविवारी ठरवू.